खाली डब्ब्याचा सण

हैदराबादहून आलो म्हटलं की लोक आधी बिर्याणीचं विचारतात, मग मोत्यांचं. मी या खेपेला दोन्हीकडे फिरकलो नाही. मी तिथे एक डबा पोचवायला गेलो होतो. अंतर फार नव्हतं. अंबरपेठेतल्या एका स्वयंपाकघरापासून त्याच गल्लीच्या टोकाला असलेल्या देवळाच्या अंगणापर्यंत. पण पोचवायला मला पन्नासेक वर्षं लागली.

निघण्याआधी

माझा जन्म अंबरपेठेतला. नोकरीसाठी पुण्याला आलो आणि इथलाच झालो. जुन्या शेजाऱ्यांचा मोबाइलवर एक गट आहे. त्यात सकाळी गुलाब येतात आणि संध्याकाळी गुडघ्यांवरचे उपाय. नवरात्राच्या तोंडावर त्यात एक आमंत्रण आलं: ‘परभणीची शेकडो वर्षांची परंपरा आता कुकटपल्लीत. रिता डबा महोत्सव. भोंडल्याच्या अखेरच्या दिवशी रिकामी खिरापत. ही परंपरा हैदराबादेत आणणाऱ्या श्रीमती इंदुमतीबाईंचा सत्कार.’

माझ्या हातातला चहा बशीत आला.

“कोण गेलं?” पुष्पानं, म्हणजे माझ्या बायकोनं, आतून विचारलं. आमच्या वयात फोन बघून चहा सांडला की हाच प्रश्न येतो.

“कुणी गेलं नाही. ही परंपरा मी काढलेली आहे.”

मग सगळं सांगावं लागलं. भोंडला वाचकांना माहीत आहेच. पाटावर हत्ती काढायचा, मुलींनी भोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची, आणि शेवटी झाकलेला डबा कानाशी वाजवून आत काय आहे ते ओळखायचं. ओळखलं की खायचं. त्या खाऊला खिरापत म्हणतात. सगळी गंमत ती गुप्त राहण्यात. त्यामुळे डबा अशा माणसाच्या हाती द्यायचा, जो फेरात नाही आणि ज्याला कुणी मुलगी गाठून विचारणार नाही. त्या वर्षी असा माणूस मी होतो. बी. कॉम. झालेला, नोकरी नसलेला, नुकती मिशी ठेवलेला.

शेजारच्या नारायणरावांचं नुकतंच लग्न झालं होतं. त्यांची बायको इंदूवहिनी, परभणीची. शेवटच्या दिवसाची खिरापत तिच्या हातची होती, सासरची पहिलीच. त्यासाठी तिच्या आईनं परभणीहून खसखस आणि गूळ पाठवला होता. वहिनीनं कडीचा पितळी डबा माझ्या हाती दिला नि म्हणाली, “भावजी, नीट न्या.” वाटेत पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर मी टेकलो. एकच वडी खावी म्हणून झाकण उघडलं. गुळपापडी होती. पण तिच्यात एक चव अशी होती की ओळखू येईना. दुसरी खाल्ली. जिभेवर येते, नाव येत नाही. तिसरी खाल्ली. माणूस हरवलेला शब्द शोधताना डोकं खाजवतो, तसा मी खात गेलो, आणि शेवटी डब्यात बोट फिरवलं तेव्हा नुसतं पितळ लागलं.

अंगणात डबा वाजला नाही. मुलींनी झाकण काढलं. सगळ्या वहिनीकडे बघायला लागल्या. तिच्या सासूबाईंची नजर तर मला आजही दिसते. त्या नजरेची दिशा कधीही माझ्याकडे वळली असती, म्हणून मी घाईनं म्हणालो, “अहो, ही वहिनींच्या माहेरची पद्धत आहे. शेवटच्या दिवशी डबा रिकामा. जी ‘काहीच नाही’ म्हणेल, ती जिंकली.”

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं, क्षणभर थांबली आणि म्हणाली, “हौ. आमच्याकडं असंच असतं.”

“म्हणजे,” पुष्पा म्हणाली, “आधी चोरी केलीत, मग थाप मारलीत, आणि ती त्या पोरीच्या माहेरावर नेऊन घातलीत.”

“थोडक्यात, हो.”

“जाऊन सांगून या. उद्या तुमचं काही झालं तर हे मला सांगावं लागेल. मला जमायचं नाही, मला हसू येईल.”

अंबरपेठ

स्टेशनवरून रिक्षा केली. ड्रायव्हरला म्हणालो, “अंबरपेठ, वो पुरानी आटे की गिरनी के पास.”

“गिरनी?” त्यानं आरशातून माझं वय तपासलं. “चाचा, भोत लेट कर दिए आप.”

हा मनुष्य माझ्या आयुष्याचं सार सांगून गेला आणि वर भाडंही घेतलं.

गल्ली ओळखीची निघाली, कारण ती अजून तशीच वाकडी आहे. देऊळ आहे, त्याला आता काचेचं दार आहे. गिरणीच्या जागी मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे, पण ओटा तोच. मला तो पाहून एकदम भूक लागली. दुकानातला तरणाबांड मालक यूसुफ गिरणीवाल्या म्हाताऱ्याचा नातू. मी आजोबांचं नाव घेताच त्यानं स्टूल पुसलं, चहा मागवला, आणि मला नको असलेलं एक कव्हर माझ्या फोनला चढवून दिलं.

मी सहज विचारलं, “वो सामनेवाला मकान, नारायणराव का, अब कौन रहते?”

“खाली डब्बा अम्मा का घर? वो लोगां तो कुकटपल्ली गए ना. बिल्डर कू दे दिए.”

“खाली डब्बा अम्मा?”

“सब वैसाइच बोलते थे. दादी बोलती थी, उनके मायके में खाने कू कुच नै होता था बोलके. त्योहार में बी खाली डब्बा बजाते थे बिचारे.” त्यानं चहाचा घोट घेतला. “परभनीवाले.”

मी ज्या ओट्यावर बसून तो डबा संपवला, त्याच ओट्यावर बसून हे ऐकत होतो. आतापर्यंत माझ्या मनात ही गोष्ट म्हणजे एक पोरकट चोरी होती. पन्नास वर्षांत तिचं कुणा बाईच्या घराचं नाव झालं होतं. आणि ज्या आईनं पोरीच्या पहिल्या खिरापतीसाठी गूळ बांधून पाठवला, तिच्या घरात खायला नव्हतं, असं एका गिरणीवाल्याची बायको आपल्या नातवाला सांगून गेली होती. यूसुफनं दुसरा चहा विचारला. मी नको म्हटलं. हैदराबादेत मी नको म्हटलेला तो एकमेव चहा.

कुकटपल्ली

मेट्रो मात्र झकास आहे. वरून गाव बघत जायचं. मी लहानपणी ज्या गावाला वळसे घालत फिरलो, ते डोक्यावरून ओलांडताना मला उगीचच श्रीमंत झाल्यासारखं वाटलं.

इंदूवहिनी सतराव्या मजल्यावर राहते. नारायणराव जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा कामानं परदेशी असतो. घर चालवते सून, श्रावणी. श्रावणी तेलुगू. सासूला ‘अत्तम्मा’ म्हणते, आणि तिच्याशी एक स्वतःच शिकलेलं मराठी बोलते.

“अंकल, तुम्ही फर्स्ट टाइमला होते ना? अत्तम्मा सांगते, डबा तुम्हीच घेऊन आलते, मग एव्हरी इयर तसंच केले. अब्बा, मला अंगावर काटा येते.”

माझ्याही आला.

वहिनी सोफ्यावर बसली होती. केस पांढरे, चष्मा जाड, पण नजर तीच, क्षणभर थांबणारी. “या भावजी. किती दिवसांनी. काय बघायलात असं? बसा.”

जेवायला सर्वपिंडी होती. ही थालीपिठाची तेलुगू बहीण. तांदळाचं पीठ, दाणे, तीळ, आणि मध्ये बोटानं पाडलेली भोकं. त्यावर आंबाडीची चटणी, जिला श्रावणी गोंगुरा म्हणते आणि वहिनी आंबाडीच म्हणते. या एका भाजीवरून त्या घरात वीस वर्षं प्रेमाचं भांडण चालू आहे. मी दोन्ही नावांनी वाढून घेतली.

जेवण झाल्यावर श्रावणीनं मला खाली नेऊन तयारी दाखवली. गाड्या लावायच्या जागेतच सगळा मांडव. एका बाजूला बतकम्मा, म्हणजे तेलुगू बायकांचा फुलांचा मनोरा. तरवडाची पिवळी आणि कुरडूची पांढरी फुलं एकावर एक रचायची, नि भोवती टाळ्या वाजवत फिरायचं. दुसऱ्या बाजूला आपला भोंडला. मधे जागा इतकी कमी की दोन्ही फेर एकमेकांत अडकायचे. त्यावर श्रावणीनं तोडगा काढला होता. हत्ती थर्मोकोलचा, चांगला वासराएवढा, आणि फुलांचा मनोरा सरळ त्याच्या पाठीवर.

“एकच राउंड मारायचं,” ती म्हणाली. “दोन्ही देव खूश.”

“पण हत्ती कशासाठी असतो, ठाऊक आहे का?” मी विचारलं.

तिथे दिव्यांच्या माळा लावणाऱ्या पाच-सहा मुली होत्या. एक म्हणाली, गणपतीचा असतो. दुसरी म्हणाली, निजामाचा. तिसरीनं फोनवर शोधायला घेतलं आणि तिला सर्कस सापडली. आता यात त्यांना काय हसायचं? हस्त नक्षत्राचा पाऊस, त्याचा हत्ती, हे मलाही पुस्तकातूनच कळलं. माझ्या आईला विचारलं तर ती म्हणायची, “हत्ती असतो म्हणून असतो. फेर धर.” बतकम्माच्या फुलांचंही तेच. एका मुलीला विचारलं, हीच फुलं का? ती म्हणाली, ॲपवर हीच होती.

पण डब्याचं विचारताच सगळ्यांचे चेहरे उजळले. डब्याचा अर्थ सगळ्यांना तोंडपाठ. “शून्य, अंकल. एम्प्टीनेस. सगळं सोडायचं.” एकीच्या पिशवीवर मोठ्या अक्षरांत ‘काहिच नाही’ छापलेलं, ‘हि’ ऱ्हस्व. म्हणजे माझी गंमत बघा. हजार वर्षांच्या सणाचा अर्थ कुणाला सांगता येईना, आणि मी ढेकर दाबत मारलेल्या थापेचा अर्थ पोरींना पाठ.

आणि डबा कुठे ठेवतात? हत्तीच्या पोटाखाली, लाल कापडावर.

“तिथे का?”

“खाली डब्बा ना अंकल,” ती पिशवीवाली म्हणाली. “खाली ठेवायचं.”

मला उलगडायला जरा वेळ लागला. अंबरपेठेतल्या दख्खनी शेजारणींनी त्याला ‘खाली डब्बा’ म्हटलं, म्हणजे रिकामा. या पोरींनी ते मराठीत ऐकलं आणि डबा नेऊन खाली ठेवला. दोन भाषांच्या फटीतून एक विधी जन्माला आला होता. मला इतकं हसू आलं की मी खांबाला धरून उभा राहिलो. मुलींना वाटलं, आजोबांना भरून आलं. एकीनं पाणी आणलं.

बेगम बाजार

दुसऱ्या दिवशी हळदकुंकू, नारळ आणि द्रोण आणायला श्रावणीनं आम्हा दोघांना बेगम बाजारात नेलं. वहिनी म्हणाली, मला घरात बसून कंटाळा आलाय. बेगम बाजारात कंटाळा येणं शक्यच नाही. तिथे हातगाडी मागून येते, स्कूटर पुढून, आणि हमाल वरून. आपण फक्त नमस्कार करत बाजूला व्हायचं. श्रावणी द्रोणांच्या दुकानात घासाघीस करायला शिरली. आम्हा म्हाताऱ्यांना तिनं कोपऱ्यावर उभं केलं, आणि तो कोपरा नेमका मिरच्यांच्या गल्लीचा होता.

तरी मी ठरवलं, आत्ताच. घरी श्रावणी सतत माइकचं बोलत होती, संधी मिळत नव्हती.

“वहिनी, तो डबा आहे ना, तो पहिला डबा, तो मी—”

मी शिंकलो.

“काय झालं डब्याला?”

“तो रिकामा नव्हता. म्हणजे आधी नव्हता. मग मी तो—” पुन्हा शिंक. “गिरणीच्या ओट्यावर बसून मी सगळी—” या वेळी सलग चार. शेजारचा व्यापारी म्हणाला, “चाचा, कपडा लगाओ मू पे.” वहिनीच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं असेल, म्हातारा-म्हातारी कुणाच्या तरी आठवणीनं रडायलेत.

“तुम्ही खाल्लीत,” वहिनीनं वाक्य पुरं केलं. “ठाऊक आहे मला.”

“कधीपासून?”

“त्याच संध्याकाळपासून. तुमच्या मिशीला खसखस होती.”

मी नकळत मिशीला हात लावला.

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलू?” वहिनीनं पदरानं डोळे टिपले. “चार महिन्यांची नवरी मी. शेजारच्या तरण्या दिराच्या मिशीला काय लागलंय, हे मी निरखलं म्हणून सांगू सासूबाईंना? डबा परवडला.”

मी एवढंच म्हणालो की यूसुफच्या दुकानात काय ऐकलं ते ऐकून मला झोप लागली नाही, आणि मला सगळ्यांसमोर खरं सांगायचं आहे.

वहिनीनं पुन्हा पदर डोळ्यांना लावला. या वेळी मिरचीचा काही संबंध नव्हता. “आईला कळलं होतं ते नाव,” ती म्हणाली. “पुढं कधी आली तर तासाभरात परत फिरायची. जेवायला थांबली नाही. म्हणायची, रिकाम्या डब्याच्या माणसांनी जेवलेलं बरं दिसत नाही. हसून म्हणायची. पण थांबायची नाही.”

मग तिनं एकदम विचारलं, “कशी झाली होती?”

“काय?”

“खिरापत. खाल्लीत ना सगळी? कशी झाली होती? आजवर मला कुणी सांगितलेलं नाही. सांगणार कोण? खाणारे एकटे तुम्ही.”

“फार छान.”

“उगीच म्हणू नका. कडू-बिडू नव्हती?”

“छे. तिच्यात एक चव होती, ती ओळखू येईना. ती ओळखायच्या नादात तर संपली सगळी.”

वहिनी माझ्याकडे बघत राहिली, डोकं किंचित कलतं करून, ऐकू नीट आलं की नाही असं. मग ती मिरच्यांकडे पाठ करून चालायला लागली. मी मागोमाग. ती गुळाच्या दुकानात शिरली. गूळ चाखला, नाक मुरडलं, दुसरी भेली काढायला लावली. मग खसखस. दुकानदार छोटी पुडी बांधायला लागला तर म्हणाली, “छोटी नक्को. परभणीवाले हैं हम. भर के बांधो.”

सत्कार

शेवटचा दिवस. दुपारभर स्वयंपाकघराचं दार बंद होतं आणि फटीतून तुपाचा, पिठाचा आणि आणखी कशाचा तरी वास येत होता. मी दाराशी घुटमळलो तर आतून आवाज आला, “भावजी, लांब.”

संध्याकाळी वहिनी नऊवारी नेसून बाहेर आली. हातात तोच पितळी डबा, चिंचेनं घासून लख्ख केलेला. जड दिसत होता.

“नीट न्या,” ती म्हणाली.

“मीच?”

“मग कोण? डबा पोचवायचं काम तुमचंच आहे, ते अजून झालेलं नाही. आणि ऐका. तेव्हा मिशी काळी होती, खसखस दिसली. आता पांढरी आहे, काही दिसायचं नाही. त्यामुळं या वेळी तुमच्यावर विश्वास ठेवणं भाग आहे.”

सतरा मजल्यांची लिफ्ट. आत मी, डबा, आणि झाकणाखालून येणारा तो वास. मधे लिफ्ट थांबली, दोन बायका आत आल्या, डब्याला हात लावून नमस्कार केला आणि सुस्कारा सोडला, “शून्य.” मी मान डोलावली. डबा आतून हळूच खडखडला. मी खोकलो.

खाली दणदणाट होता. हत्तीच्या पाठीवर फुलांचा मनोरा डुलत होता, भोवती रेशमी साड्या, घागरे, जीन्स, सगळं एकाच तालावर फिरत होतं, आणि ताल कुठल्याशा लग्नातल्या बँडचा होता. तेलुगू, मराठी आणि गुजराती पावलं एकमेकांवर पडत होती. मला काठावर उभं राहायचं होतं. पण एका दणकट बाईनं माझं कोपर धरलं, “रंडी, अंकल, रंडी,” म्हणजे या, या. हा तेलुगू शब्द मराठी माणसाला कितीही वर्षांनी ऐकला तरी दचकवतो. मी डबा छातीशी धरून हत्तीभोवती तीन फेऱ्या मारल्या. माझ्या जन्मात मी भोंडल्याच्या फेरात पहिल्यांदाच होतो. पाय इतके हलके झाले होते की चौथी मारली, ती स्वतःहून.

मग डबा हत्तीच्या पोटाखाली गेला आणि देशपांडे सर माइकशी आले. हे त्याच इमारतीतले, निवृत्त प्राध्यापक. त्यांनी सांगितलं की हत्ती म्हणजे अहंकार, आणि अहंकाराच्या खाली काय असतं, तर शून्य. परभणीच्या स्त्रियांनी हे तत्त्व डब्यासारख्या साध्या वस्तूतून जपलं. मी वहिनीकडे पाहिलं. ती परभणीच्या स्त्रियांच्या वतीनं गंभीर बसली होती.

श्रावणीनं डबा काढला. आता तो कानाशी हलवायचा, काही वाजत नाही, आणि सगळ्यांनी एका सुरात ‘काहीच नाही’ म्हणायचं. तिनं हलवला.

खड, खड, खड.

बँड थांबला. श्रावणीनं पुन्हा हलवला. पुन्हा तेच.

“अत्तम्मा,” ती हळू आवाजात म्हणाली, पण माइक जवळ होता, “डब्यात काहीतरी आहे.”

कुणी म्हणालं उंदीर असेल. दोन मुली मागे सरल्या. शेवटी झाकण निघालं, आणि खसखशीनं मढवलेल्या वड्या काठोकाठ दिसल्या. सगळा घोळका वाकून बघत राहिला. ज्यांनी आजवर रिकामा डबा पुजला, त्यांना भरलेल्या डब्याचं काय करायचं ते समजेना.

“आता हे काय करायचं?” पिशवीवाल्या मुलीनं विचारलं.

“खायचं,” वहिनी म्हणाली. ती उठून माइकशी आली. “ही गुळपापडी आहे. माझ्या आईची. परभणीला डबे भरलेले असतात, बायांनो. काठोकाठ. आमच्याकडं कुणी कधी रिकामा डबा वाजवला नाही.”

आता माझी पाळी होती. मी माइक घेतला. “हे खरं आहे. पहिला डबाही भरलेला होता. तो मी वाटेत खाल्ला. परंपरा वगैरे काही नव्हती, मी थाप मारली होती. यात वहिनींचा आणि त्यांच्या आईंचा काही दोष नाही.”

आधी कुणी एक हसलं, मग सगळे, आणि मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की हत्तीच्या पाठीवरची फुलं ओघळली. देशपांडे सरांनी मला मिठी मारली आणि माइक काढून घेतला. “वा. भरलेलं आणि रिकामं यांच्या मधे कोण उभा असतो? खाणारा. म्हणजे आपण सगळे.” एका मुलीनं विचारलं, अंकल नाटकात काम करतात का? मी शपथ घेऊन सांगत होतो आणि प्रत्येक शपथेला टाळ्या मिळत होत्या.

“सुपर, अंकल,” श्रावणी डोळे पुसत म्हणाली. “पुढच्या वर्षी पण हेच करू. भरून आणायचं, मग तुम्ही म्हणायचं मी खाल्लो. तुम्ही नाही आले तर कुणाला तरी मिशी लावीन.”

खोटं बोललो तेव्हा त्याची परंपरा झाली. खरं बोललो, त्याचीही होऊ घातली. एक गोष्ट मात्र झाली. वड्या हातोहात गेल्या, आणि जी ती वहिनीला विचारत होती, “आंटी, परभणीत हे कुठे मिळतं?” गंमत म्हणजे, मी डबा खाल्ला यावर कुणाचा विश्वास बसला नाही, पण परभणीचे डबे भरलेले असतात यावर सगळ्यांचा बसला. पुरे झालं. पुढं मागं यूसुफच्या दुकानातही पोचेल.

गर्दी ओसरली तेव्हा वहिनी खुर्चीत टेकली होती. डब्यात एक वडी ठेवलेली होती. तिनं डबा माझ्यापुढे धरला.

“ओळखा.”

मी अर्धी खाल्ली. डोळे मिटले. तीच चव. गिरणीचा ओटा, पिठाचा धुरळा, सगळं जिभेवर आलं, नाव तेवढं आलं नाही.

“जवस?”

“नाही.”

“सुंठ? थोडे मिरे?”

“नाही.”

“कारळं. नक्की कारळं.”

“हरलात,” वहिनी म्हणाली. “काहीच नाही.”

“काहीच नाही म्हणजे?”

“घातलेलं काहीच नाही. पीठ करपलं होतं, भावजी. नवी चूल, सासूबाई डोक्यावर उभ्या, आणि वेळ निघून गेलेली. तशीच थापली आणि तुमच्या हाती दिली. आज दुपारी मुद्दाम तेवढंच करपवलं.” तिनं चष्मा काढून पुसला. “रिकामा डबा बघितला तेव्हा मी मनात देवाला हात जोडले. मला वाटलं, तुम्ही चाखून बघितलीत, करपलेली कळली, आणि माझी लाज राहावी म्हणून संपवलीत. मिशीवर खसखस घेऊन उभे होतात, तर मला वाटलं, किती मोठ्या मनाचा माणूस. इतकी वर्षं मी हेच धरून चाललेय.”

इथं मला गप्प बसता आलं असतं. इतक्या वर्षांनी इतकं चांगलं मत कुणाचं मिळतं? पण मी ज्यासाठी आलो होतो ते हेच होतं.

“नाही वहिनी. करपलेली मला कळलीच नाही. आवडली म्हणून खाल्ली.”

“सगळी?”

“सगळी.”

वहिनीनं उरलेली अर्धी वडी माझ्या हातातून काढून घेतली, तोंडात टाकली आणि सावकाश चावत राहिली.

“चांगली झालीय,” ती म्हणाली.

निघताना मी विचारलं, हे सगळं लिहू का? ती म्हणाली, “लिहा की. इथल्या पोरींना मराठी वाचता कुठं येतंय?” तिच्या परवानगीनं लिहिलं आहे. पुष्पानं आल्यापासून तीनदा गुळपापडी करून पाहिली. चवीला उत्तम होते, पण ती नव्हे. चाळीस वर्षांची सवय, तिच्या हातून काही केल्या करपत नाही.